लिंक चालते, पण मंठ्याऐवजी भोकरदन उघडतं

जालन्यातून बोलतोय. आजचा विषय जरा कोरडा वाटेल: सॉफ्टवेअरच्या हेल्प पानांवरच्या लिंक कशा तपासायच्या. पण मराठीत डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्यांसाठी यात एक खड्डा आहे, जो इंग्रजीवाल्यांना सहसा लागत नाही. म्हणून पूर्ण भाग त्यावरच.

मेलेली लिंक सापडणं सोपं असतं. लिंक चेकर प्रत्येक पत्त्यावर जाऊन येतो, ४०४ आलं की यादीत टाकतो. कधी ४०३ किंवा ४२९ दिसतं. तिथे घाबरायचं नाही. बऱ्याचदा समोरच्या साइटने मशीनला दारातच अडवलेलं असतं, फोनवर तीच लिंक मस्त उघडते.

खरा त्रास जिवंत लिंकचा. समजा, आपण जिल्ह्यासाठी बाजारभावाचं ॲप बनवलं. हेल्पच्या एकाच पानावर आठ तालुक्यांची आठ शीर्षकं: अंबड, घनसावंगी, जालना, जाफ्राबाद, परतूर, बदनापूर, भोकरदन, मंठा. ॲपमधल्या बटणावरून थेट आपापल्या तालुक्यावर उडी मारायची. ही उडी अँकरमुळे लागते, म्हणजे पत्त्याच्या शेवटी हॅशनंतर जी खूण असते तिच्यामुळे.

आता एमकेडॉक्स घ्या. फुकट आहे, सोपं आहे, खूप जण वापरतात. त्याच्या आतलं पायथन-मार्कडाउन शीर्षकावरून अँकर स्वतःच बनवतं, पण मूळ सेटिंगमध्ये फक्त इंग्रजी अक्षरं ठेवतं. देवनागरी शीर्षकातलं सगळंच गळून जातं आणि हातात काहीच उरत नाही, म्हणून ते क्रमाने नंबर देतं. झालं! उद्या तुम्ही वर ‘सुरुवात’ असं एक शीर्षक वाढवलं की खालचे सगळे नंबर एकाने सरकतात. मंठ्याचा नंबर भोकरदनला जातो. मंठ्यातला पोरगा बटण दाबतो आणि जिल्ह्याच्या पार उत्तरेच्या टोकाची माहिती वाचत बसतो. चेकर मात्र म्हणतो, सगळं ओके. कारण तो नंबर पानावर आहेच ना!

मग कुणी सांगतं, युनिकोडचा पर्याय चालू कर. केला. आता अक्षरं राहतात, पण काना, मात्रा, अनुस्वार उडतात, कारण पायथनचे रेग्युलर एक्स्प्रेशन या चिन्हांना अक्षर धरत नाहीत. ‘मंठा’चं होतं ‘मठ’. आणि आपल्या ‘जालना’चं? ‘जलन’! हसू येतं, पण ‘नाव’ आणि ‘नवे’ अशी दोन शीर्षकं असली तर दोघांचंही ‘नव’ होतं. मग टूल दुसऱ्याला शेपटीला नंबर लावतं, म्हणजे पुन्हा तेच रामायण.

माझं मत स्पष्ट आहे: अँकर टूलवर सोडायचाच नाही. शीर्षकाच्या ओळीतच महिरपी कंसात हॅश टाकून इंग्रजी अक्षरांत तालुक्याचं साधं नाव लिहायचं. त्यासाठी सेटिंगमध्ये ‘ॲट्र लिस्ट’ हे एक्स्टेन्शन चालू करावं लागतं, नाहीतर तो कंस पानावर जसाच्या तसा छापून येतो. आणि एकदा दिलेलं नाव बदलायचं नाही, शीर्षक कितीही बदललं तरी. कारण हॅशनंतरचा भाग सर्व्हरपर्यंत जातच नाही. जुना अँकर नव्याकडे वळवायला सर्व्हर काही करू शकत नाही.

पानाचा पत्ता मात्र वळवता येतो. शेजारच्या औरंगाबाद जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं. त्या नावाचं पान असेल तर जुनं उडवून मोकळं व्हायचं नाही, ३०१ लावायचा. सातबाऱ्यावर नाव बदललं की फेरफार क्रमांक राहतो, तसं समजा. जुन्या व्हॉट्सॲप मेसेजमधली लिंकसुद्धा मग नव्या पानावर पोचते.

चेकर निवडताना एक बघा: तो अँकर तपासतो का? स्फिंक्सचा लिंकचेक तपासतो. लीची नावाच्या चेकरला ते वेगळं सांगावं लागतं. आणि नंबरांची अदलाबदल यातल्या कुणालाच कळत नाही. त्यासाठी फोन हातात घ्यायचा, आठही बटणं दाबायची आणि वर कोणत्या तालुक्याचं नाव येतंय ते वाचायचं. दोन मिनिटं लागतात.