बंद घरांतील झाडें आणि हवेंतील ओलावा

झाड सुकूं लागलें कीं त्याला पाणी घालावें, एवढें वनस्पतिशास्त्र प्रत्येक घरांत ठाऊक असतें. परंतु कुंडींतील माती ओली असूनहि पानें मलूल होतात, आणि अंगावर पाण्याचा थेंबहि न पडलेलें झाड बुरशीनें कुजतें, तेव्हां हें शास्त्र अपुरें पडतें. अशा वेळीं दोष केवळ मातींत शोधून भागत नाहीं. तो हवेंतहि शोधावा लागतो. उघड्या बागेंत हवा खेळती ठेवण्याचें काम वारा परस्पर करीत असतो. काचघरांत, बंद सज्जांत किंवा दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत वारा नसतो. म्हणून तेथें ओलाव्याचा हिशेब माणसालाच ठेवावा लागतो.

हा विषय समजण्यास लंडनच्या एका डॉक्टरांची हकीकत उपयोगी पडेल. नॅथॅनिएल वॉर्ड हे शहराच्या पूर्व भागांत वैद्यकी करीत. नेच्यांची त्यांना मोठी आवड. परंतु कोळशाच्या धुरानें व काजळीनें त्यांच्या बागेंतील नेचे टिकत नसत. १८२९ सालीं त्यांनीं एका पतंगाचा कोश ओलसर मातींत ठेवून ती बाटली झांकून टाकली. पतंगाची वाट पाहतां पाहतां त्या मातींतून एक नेचा व थोडें गवत उगवलें. दिवसा मातींतील पाण्याची वाफ होई, ती काचेवर जमे, आणि तेंच पाणी पुन्हां मातींत उतरे. या अनुभवावरून वॉर्ड यांनीं काचेच्या बंद पेट्या तयार करविल्या. १८३३ सालीं अशा दोन पेट्या जहाजानें सिडनीस गेल्या व कित्येक महिन्यांच्या प्रवासानंतर त्यांतील झाडें जिवंत उतरलीं. पुढें रॉबर्ट फॉर्च्यून यांनीं चीनमधून चहाचीं हजारों रोपें हिमालयाच्या पायथ्याकडे पोंचविलीं, तीं अशाच पेट्यांतून. १८६० च्या सुमारास कोयनेलाच्या सिंकोना झाडांची रोपें दक्षिण अमेरिकेंतून निलगिरीवर आणण्यासाठींहि त्याच वापरल्या गेल्या. मात्र वाटेंतील उष्म्यानें त्यांपैकीं पुष्कळ दगावलीं.

या यशापयशांतच विषयाचें मर्म आहे. नेचा हा दाट रानाच्या ओल्या सावलींत वाढणारा. त्याला बंद पेटी घरासारखीच वाटते. उलट उघड्या उन्हावाऱ्यांत वाढणाऱ्या झाडाला तीच पेटी कोंडवाडा होते. विड्याचें पान पिकविणारा शेतकरी शेवरी, हादगा यांची सावली करून पानमळ्यांत गारवा व ओल राखतो. पण तेवढ्याच ओलींत निवडुंग ठेवला तर तो सडेल. म्हणून ‘ओलावा चांगला कीं वाईट’ हा प्रश्नच चुकीचा आहे. किती ओलावा, कोणत्या उष्णतेंत, आणि कोणत्या झाडाला, असें विचारलें पाहिजे.

हवेला एका भांड्याची उपमा देतां येईल. हें भांडें उष्णतेनें मोठें होतें व थंडीनें आकसतें. ३० अंश सेंटिग्रेडच्या एक घनमीटर हवेंत अधिकांत अधिक सुमारें ३० ग्रॅम वाफ मावते. २० अंशांवर १७ ग्रॅम, आणि १० अंशांवर अवघी ९ ग्रॅम. सापेक्ष आर्द्रता शेंकडा ६० आहे, याचा अर्थ हें भांडें दहा हिश्श्यांपैकीं सहा हिस्से भरलेलें आहे. आतां ३० अंशांवर त्यांत आणखी १२ ग्रॅम वाफ मावेल, तर २० अंशांवर फक्त ७ ग्रॅम. आर्द्रतेचा आंकडा एकच. पण उष्ण हवा झाडांतून जवळ जवळ दुप्पट जोरानें पाणी ओढते. दुसरी गोष्ट अशी कीं, दिवसा ३० अंशांवर १८ ग्रॅम वाफ बाळगणारी हवा रात्रीं २० अंशांपर्यंत निवाली, तर तिच्यांत १७ ग्रॅमच मावते. उरलेली वाफ दंव होऊन पानांवर बसते. न शिंपडतांहि झाड ओलें होतें, तें असें.

झाडाच्या दृष्टीनें या ओढीला फार महत्त्व आहे. मुळांनीं शोषलेल्या पाण्यापैकीं शेंकडा ९५ हून अधिक पाणी पानांच्या सूक्ष्म रंध्रांतून वाफ होऊन जातें. हा अपव्यय नव्हे. या प्रवाहानेंच मातींतील क्षार शेंड्यापर्यंत चढतात व पान निवतें. हवा वाफेनें तुडुंब भरली कीं प्रवाह मंदावतो. कॅल्शियमसारखें द्रव्य मातींत भरपूर असूनहि कोंवळ्या पानांस पोंचत नाहीं, आणि त्यांच्या कडा करपतात. काचघरांतील सॅलडच्या पिकांत हा विकार नेहमीं दिसतो. उलट हवा अति कोरडी झाली तर झाड पाणी वांचविण्यासाठीं रंध्रें मिटून घेतें. त्याबरोबर कर्बवायूचा प्रवेश थांबतो व वाढ खुंटते. उष्ण व कोरड्या हवेंत लाल कोळी नांवाची बारीक कीडहि झपाट्यानें पसरते.

अति ओलाव्याचा मोठा शत्रु म्हणजे बुरशी. करड्या बुरशीला रुजण्यासाठीं पानाफुलांवर कांहीं तास ओल, किंवा जवळ जवळ तुडुंब भरलेली हवा लागते. ती गळलेल्या पाकळ्या, जखमा व जुनीं पानें येथून सुरुवात करते. नाशिककडील द्राक्षबागाईतदारांच्या परिचयाची भुरी मात्र निराळी. तिला पाण्याचा पापुद्राहि नको. दमट हवा व दाट सावली तिला पुरते. म्हणून केवळ पानें कोरडीं ठेवून भुरी टळत नाहीं. झाडांत अंतर व उजेड हवा.

याचें एक अलीकडचें उदाहरण कॅनडांत दिसतें. तेथें १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर झाला, आणि मध्यवर्ती कायद्यानें प्रत्येक घरीं चार झाडें लावण्याची मुभा दिली. कांहीं प्रांतांनीं याहून कडक नियम केले. हिंदुस्थानांत १९८५ च्या कायद्यानें अशी लागवड हा गुन्हा आहे. परंतु वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें तो अनुभव बोधप्रद आहे. थंडीमुळें झाडें खोलींत दिव्यांखालीं वाढवितात. दिवे असतांना खोली उष्ण असते व झाडें पुष्कळ वाफ सोडतात. दिवे मालवले कीं हवा निवते आणि तीच वाफ जड होते. या झाडाचे तुरे घट्ट असल्यानें आंत अडकलेली ओल वाऱ्याला सांपडत नाहीं. करडी बुरशी तुऱ्याच्या गाभ्यांत शिरते, आणि बाहेरून रोग दिसेपर्यंत आंतील भाग सडलेला असतो. म्हणून जाणते लोक फुलोऱ्याच्या काळांत हवा अधिक कोरडी राखतात, पंखा रात्रींहि चालूं ठेवतात, व पाणी दिव्यांच्या वेळेच्या आरंभीं घालतात.

घरच्या कुंड्यांसाठींहि हेंच नियम लागू पडतात. ओलावा मोजण्यास दोन सारखे तपमापक पुरतात. एकाच्या फुग्याभोंवतीं ओलें फडकें गुंडाळावें. दोहोंचे आंकडे सारखे असले तर हवा तुडुंब भरलेली समजावी. कोरडा ३० व ओला २५ अंश दाखवील तर आर्द्रता सुमारें शेंकडा ६७ असते. बाजारी आर्द्रतामापकाची परीक्षाहि सोपी आहे. झांकणांत थोडें ओलें केलेलें मीठ ठेवून तें व मापक एका बंद पिशवींत कांहीं तास ठेवावें. खरा आंकडा ७५ आला पाहिजे.

खिडकी उघडल्यानें ओलावा नेहमींच जातो असें नाहीं. थंड देशांत पावसाळी दिवशींहि बाहेरची १० अंशांची हवा आंत येऊन २० अंशांपर्यंत तापली कीं तिची आर्द्रता जवळ जवळ निम्मी होते. मुंबईच्या आषाढांत बाहेरची हवा स्वतःच उष्ण व भरलेली. ती आंत घेऊन खोली वाळणार नाहीं. तेथें उपाय म्हणजे मंद पंखा, कुंड्यांत अंतर, आणि पाण्यांत काटकसर. पुण्याच्या चैत्रांतील कोरड्या दुपारीं मात्र कुंड्या एकत्र ठेवाव्या व नाजूक झाडें झोतापासून दूर न्यावीं. पानांवर पाणी शिंपडल्यानें हवेचा ओलावा कांहीं मिनिटेंच वाढतो. सायंकाळीं शिंपडलेलें पाणी मात्र रात्रभर बुरशीच्या उपयोगी पडतें. पाणी सकाळीं व मुळाशीं घालावें.

पावसाळ्यांत पान मलूल दिसलें तर तांब्या उचलण्यापूर्वीं बोट मातींत घालून पाहावें. माती ओली असेल तर मुळें पाण्यावांचून नव्हे, हवेवांचून गुदमरत आहेत असें समजावें. तेव्हां आणखी पाणी घालणें म्हणजे बुडत्याला पाणी पाजणें होय. घरोघरीं मायेनें वाढविलेलीं कितीतरी झाडें उपेक्षेपेक्षां या मायेनेंच दगावतात.