सुटसुटीत मर्दनयंत्र कसें निवडावें?

आषाढी एकादशीच्या आधींचे कांहीं दिवस सोलापूर जिल्ह्यांतील पालखीमार्गावर गेल्यास एक देखावा हमखास दृष्टीस पडतो. आळंदीहून सुमारें २५० किलोमीटर चालून आलेले वारकरी विसाव्याला बसलेले असतात आणि गांवकरी त्यांच्या पायांना तेल चोळीत असतात. मकरसंक्रांतीच्या सुमारास खुद्द सोलापुरांत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते. त्या वेळीं ७ नंदीध्वज पेलून ६८ लिंगांच्या दर्शनास जाणाऱ्यांचीं अंगें अशींच भरून येतात. यंत्रमागावर तासन् तास उभे राहणारे विणकर, विड्या वळणाऱ्या स्त्रिया, दिवसभर संगणकापुढें बसणारी आपल्या घरांतील मुलें व सुना, ह्या सर्वांची तक्रार थोड्याफार फरकानें एकच. अंग चोळून देणारें माणूस आतां सहसा मिळत नाहीं. म्हणून बाजारानें 'मसाज गन' नांवाचें हातांत मावणारें मर्दनयंत्र पुढें केलें आहे. तें घ्यावें कीं नाहीं, व घ्यावयाचें तर कोणतें, ह्याचा थोडा विचार येथें करूं.

प्रथम हें यंत्र करतें काय तें पाहूं. आंतील मोटरीच्या फिरण्याचें रूपांतर पुढेंमागें होणाऱ्या हालचालींत होतें आणि टोकाचा गोळा मिनिटास साधारण १८०० ते ३२०० ठोके स्नायूवर देतो. अमेरिकेंतील जेसन वर्सलँड ह्या कायरोप्रॅक्टरनें २००७ सालच्या मोटरसायकल अपघातानंतर स्वतःच्या वेदनांसाठीं ही युक्ति योजिली व पुढें तिचाच व्यापार झाला. ऑस्ट्रियांतील संशोधकांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगांत १६ निरोगी पुरुषांच्या पोटऱ्यांवर ५ मिनिटें असें यंत्र चालविलें; तेव्हां घोटा सुमारें ५ अंश अधिक वांकूं लागला, स्नायूच्या बळांत मात्र फरक पडला नाहीं. ह्यावरून अपेक्षा किती ठेवावी हें कळतें. संवय नसलेले श्रम केल्यावर एक ते तीन दिवस जें अंग दुखतें, त्याचें मूळ बहुतांशीं स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेंत असतें आणि तें दुखणें आपोआपहि बरें होतें. यंत्रानें तें कांहीं काळ हलकें वाटतें व आखडलेला अवयव मोकळा होतो, इतकेंच. संधिवातावरचें किंवा मणक्याच्या विकारावरचें हें औषध नव्हे.

दुकानदार प्रथम ठोक्यांचा आंकडा व सोबतच्या टोप्यांची संख्या सांगतो. आमच्या मतें त्याआधीं तीन गोष्टी विचाराव्या. पहिली, ठोक्याची खोली. मोठ्या यंत्रांत ती १२ ते १६ मिलिमीटर असते. लहान यंत्रांत बहुधा ६ ते १० मिलिमीटर. पोटरी, तळपाय, दंड व मनगटामागील स्नायु ह्यांना लहान यंत्र पुरतें. तालमींत जाणाऱ्या तरुणाच्या मांड्यांना तें तोकडें पडेल. दुसरी, दाब सोसण्याची शक्ति. यंत्र चालू करून तळहातावर किंवा मांडीवर बेतानें दाबून पाहावें. थोड्या दाबानेंच अडखळत असेल तर तें न घेतलेलें बरें. तिसरी, वजन. अर्धा किलोचें यंत्र हातांत घेतांना हलकें वाटतें, पण पांच मिनिटें धरल्यावर वृद्धांचें मनगट त्याची साक्ष देतें. शिवाय स्वतःच्या पाठीपर्यंत हात पोंचत नाहीं. तेथें घरांतील दुसऱ्याचा हात लागतोच.

ह्यानंतर आवाज, विजेरी व हमी पाहावी. दुपारीं माजघरांत कोणी निजलेलें असतां घरघर करणारें यंत्र कपाटांतच राहतें. विजेरीवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी-खूण असावी आणि भारणीची तार मोबाइलच्या चालू प्रकारची असावी, म्हणजे ती हरवल्यास अडत नाहीं. लिथियमच्या विजेरीस उष्णता मानवत नाहीं. म्हणून सोलापूरच्या वैशाखांतील उन्हांत बंद मोटारींत यंत्र ठेवूं नये. टोप्या चार पुरतात: मोठ्या स्नायूंस मऊ गोळा, सर्वसाधारण चपटी, तळव्यास टोंकदार आणि कण्याच्या दोहों बाजूंच्या स्नायूंस दुबेळकी.

एकत्र कुटुंबांत एक वस्तु सर्वांची होते; हीच येथें खरी काळजीची बाब आहे. नातवाला सोसणारा ठोका आजोबांस सोसेलच असें नाहीं. रक्त पातळ करण्याचें औषध चालू असेल, हाडें ठिसूळ झालीं असतील, मधुमेहानें पायांची संवेदना मंदावली असेल, पेसमेकर बसविला असेल किंवा सून गरोदर असेल, तर डॉक्टरांस विचारल्यावांचून यंत्र लावूं नये. मानेच्या पुढच्या व बाजूच्या भागावर, हाडांवर, सुजेवर आणि फुगलेल्या शिरांवर तें कोणींहि चालवूं नये. एकाच पायाची पोटरी सुजून, गरम होऊन दुखत असेल, तर शिरेंत रक्ताची गुठळी असूं शकते. छातींत दडपण येऊन डावा हात किंवा जबडा भरून येत असेल, तर तें हृदयाचें दुखणें असूं शकतें. अशा वेळीं यंत्र नव्हे, डॉक्टर गांठावे. अतिरेकहि वाईटच. श्रमानंतर ह्या यंत्राचा वापर केल्यावर स्नायूंचा नाश होऊन एका तरुणीस इस्पितळांत न्यावें लागल्याची हकीकत २०२१ सालीं एका वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली आहे.

तेव्हां नियम सोपा ठेवावा. सर्वांत मंद गतीनें आरंभ करावा, एका जागीं न दाबतां यंत्र सावकाश फिरवावें, एका स्नायूस एक-दोन मिनिटांवर देऊं नये आणि कळ उठतांच थांबावें. लहान मुलांच्या हातीं तें खेळणें म्हणून पडूं देऊं नये. घरांत चालणारे, खेळणारे किंवा उभ्यानें काम करणारे तिघे-चौघे असतील, तर मध्यम किंमतीचें लहान यंत्र उपयोगीं पडेल. एखाद्याच्याच क्वचित् दुखणाऱ्या पाठीसाठीं मात्र ऊन पाण्याची पिशवी, वाटीभर कोमट तेल व रोजचें फिरणें ह्यांनीं काम भागतें. खरेदीपूर्वीं घरांतील प्रत्येकाचीं औषधें व दुखणीं एका कागदावर टिपून तो कागद आपल्या डॉक्टरांस दाखवावा आणि मगच दुकानाची पायरी चढावी.