गाभण मांजर दारात आली तर

आज एका मांजरीबद्दल बोलायचंय, आणि माझ्या एका चुकीबद्दलही.

मी देहरादूनला राहतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या कॉलनीतल्या बंद पडलेल्या जनरेटरच्या शेडमध्ये एक करडी मांजर दिसू लागली. पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं, सड गुलाबी झालेले. खाणं ठेवून मी वीस पावलं मागे सरल्याशिवाय ती वाटीकडे येत नसे.

इथे पहिली गोष्ट ओळखायची. घरातून हरवलेली किंवा कुणी सोडून दिलेली मांजर म्यांव करते, शेपटी उभी धरते, दोन-चार दिवसांत पायाशी येते. तिला घरात एका शांत खोलीत ठेवून बाळंतपण करता येतं. माणसाची कधीच सवय नसलेली मांजर मात्र दबून, गुपचूप चालते. तिला प्रेमापोटी खोलीत कोंडलंत तर ती खाणं सोडते, जाळीवर डोकं आपटते, घाबरून पिल्लांनाही टाकते. अशा मांजरीला मदत लांबूनच करायची.

मांजरीचे दिवस साधारण ६३ ते ६५. पोट आपल्या नजरेत भरतं तेव्हा निम्मे तरी सरलेले असतात. दिवस थोडे असतील तर डॉक्टर गाभण मांजरीचीही नसबंदी करतात, आणि तसं करणाऱ्यांना मी दोष देणार नाही. आमची मांजर फार पुढे गेली होती.

आमच्या कॉलनीत एक सूचना आली, की पोत्यात घालून नदीपलीकडे सोडा. मी सांगितलं, १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात जनावराला उपाशी मरेल अशा ठिकाणी टाकून देणं गुन्हा आहे. शिवाय रिकाम्या जागी दुसरी मांजर येतेच. मंडळी गप्प झाली, पटलं असं म्हणत नाही.

खाण्याचं सोपं आहे. उकडलेलं चिकन किंवा मासा, काटे काढून, बिनमिठाचं. कांदा-लसूण अजिबात नको, मांजरीला तो विषारी असतो. दूध देऊ नका. बहुतेक मोठ्या मांजरींना ते पचत नाही, जुलाब होतात. पिल्लांसाठी मिळणारं कोरडं खाद्य गाभण आणि दूध पाजणाऱ्या मांजरीला चांगलं. वेळ ठरलेली ठेवा आणि वाटी उचलून न्या, नाहीतर बोके येतात. बोका पिल्लं मारतो.

शेडच्या कोपऱ्यात मी एक मोठं खोकं आडवं ठेवलं. तळाशी दोन विटा, आत वर्तमानपत्रं आणि जुनी सुती चादर, तोंडावर अर्धं गोणपाट. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत पिल्लांची नखं अडकतात. जूनच्या मध्यावर ती तिथेच व्याली. चार पिल्लं.

आता चूक. तिसऱ्या दिवशी ती खायला बाहेर आल्याचं पाहून मी गोणपाट उचललं आणि टॉर्च मारून फोटो काढले. नातवंडांना पाठवायचे होते. इतकी वर्षं लष्करात टेहळणी शिकवली, आणि इथे सरळ ठाण्यातच घुसलो! मांजर सात घरं पिल्लं फिरवते हे लहानपणापासून ऐकलेलं. त्या रात्री पाऊस होता, आणि तिने पावसातच पिल्लं हलवली. सकाळी एक नाल्याच्या कडेला सापडलं, गार पडलेलं. मी घाईने ड्रॉपरने दूध पाजलं. ही दुसरी चूक. संध्याकाळपर्यंत ते गेलं.

गार पिल्लाला दूध पचत नाही. आधी ऊब द्यायची, कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून, हळूहळू. मग पिल्लांसाठीचं तयार दूध, पालथं धरून, दर दोन-तीन तासांनी. आणि ओल्या कापसाने मागचा भाग पुसायचा, त्याशिवाय इतक्या लहान पिल्लाला शी-शू होत नाही. पण हे सगळं पिल्लू खरंच एकटं असेल तरच. आई खाणं शोधायला काही तास जाते. पिल्लं गुबगुबीत, शांत झोपलेली असतील तर आई आहे असं समजा आणि निघून जा.

उरलेली तीन आम्हाला एका गॅरेजच्या माळ्यावर दिसली. या वेळी मी शिडी लावली नाही. खाली खाणं ठेवत राहिलो.

चार आठवड्यांनी पिल्लं बाहेर येऊन खाऊ लागतात. माणसाळवायची वेळ हीच, साधारण सात आठवड्यांपर्यंत. पुढे अवघड होत जातं. रोज जवळ बसायचं, चमच्याने भरवायचं. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबणाने १५ मिनिटं धुवून त्याच दिवशी रेबीजची लस घ्यायची. पिल्लू आहे म्हणून हसण्यावारी नेऊ नका.

आईची नसबंदी मात्र चुकवू नका. पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लं आठ आठवड्यांची होऊन दूध सुटलं की पिंजऱ्यात खाणं ठेवायचं, अडकली की लगेच वर चादर टाकायची. अंधारात ती शांत होते. शस्त्रक्रियेनंतर पकडली त्याच जागी सोडायचं. डाव्या कानाचं टोक कापतात, म्हणजे कुणी तिला पुन्हा पकडत नाही.

आमच्या करडीला दोनदा पिंजरा लावावा लागला. दोन पिल्लं कॉलनीतल्याच दोन घरांत गेली, एक आमच्याकडे आहे. करडी अजून शेडवर बसते. वाटी ठेवली की मी वीस पावलं मागे जातो.