लाल तार कापली तर

फोन संगणकाला जोडला की दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. फोटो आणि फायलींची ये-जा सुरू होते, आणि बॅटरीच्या चित्रावर विजेची खूण उमटते. पहिली गोष्ट आपण मागितलेली असते, दुसरी न मागता मिळते. बहुतेक वेळा ती हवीच असते. पण वीज गेली आहे, लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर तग धरून आहे आणि फोनमधले फोटो तेवढे उतरवून घ्यायचे आहेत, अशा वेळी ती नको असते. ५००० मिलिअँपिअर-तासांच्या फोन-बॅटरीत साधारण १९ वॅट-तास ऊर्जा मावते. हलक्या लॅपटॉपची सगळी शिल्लक पन्नासेक वॅट-तासांची. म्हणजे रिकामा फोन पूर्ण भरेपर्यंत लावून ठेवला, तर तो लॅपटॉपची एक तृतीयांशाहून जास्त ऊर्जा घेऊन जातो. ॲप तयार करणाऱ्यांची अडचण तर याहून विचित्र आहे. आपलं ॲप बॅटरी किती खातं हे त्यांना पाहायचं असतं. ते पाहायला फोन संगणकाला जोडावा लागतो, आणि जोडला की बॅटरी भरू लागते!

माहिती जाऊ दे, वीज नको. मागणी एवढीच आहे. तिच्या मागे लागलं की मात्र या हातभर केबलमध्ये किती विचार भरून ठेवलाय ते उलगडत जातं, आणि मला तरी त्याचं नवल ओसरत नाही.

नेहमीची यूएसबी २.० केबल सोलली तर आत साधारणपणे चार तारा दिसतात. लाल तारेवर ५ व्होल्ट, काळी तार विजेच्या परतीची, आणि हिरवी-पांढरी जोडी माहितीची. ही जोडी एकमेकींभोवती पिळलेली असते. बाहेरचा विद्युत-गोंगाट दोघींवर सारखाच आदळतो, आणि पलीकडचं यंत्र फक्त दोघींमधला फरक वाचतं, त्यामुळे गोंगाट आपोआप वजा होतो. या जोडीवरून सेकंदाला ४८ कोटी बिट धावू शकतात. एका बिटाच्या वाट्याला जेमतेम २ नॅनोसेकंद येतात. तेवढ्या वेळात तांब्यातला संकेत सुमारे ४० सेंटिमीटर जातो. म्हणजे मीटरभर लांबीच्या केबलमध्ये पहिला बिट पोचायच्या आत दुसरा वाटेत असतो आणि तिसरा निघालेला असतो. आणि हे सगळं व्होल्टच्या चार दशांश एवढ्याशा चढउतारावर.

यातली हिरवी-पांढरी जोडी तोडून लाल-काळी ठेवणं अगदी सोपं आहे. अनोळखी ठिकाणी फोन चार्ज करताना कुणी आतली माहिती चोरू नये म्हणून तसे छोटे अडॅप्टर बाजारात मिळतातही. मग याच्या उलट करू. लाल तार कापू, बाकीच्या तीन ठेवू. काळी ठेवावीच लागते, कारण तिच्याशिवाय दोन्ही यंत्रांना शून्य व्होल्ट कशाला म्हणायचं यावर एकमत करता येत नाही. अशी केबल जोडल्यावर बहुतेक फोनांवर काहीच होत नाही. चार्जिंग थांबतंच, पण संगणकाला फोनही दिसत नाही.

कारण लाल तारेवरचे ५ व्होल्ट हे नुसतं फोनचं खाणं नाही. ती दारावरची थापसुद्धा आहे.

यूएसबीच्या नियमांनुसार, ५ व्होल्ट दिसेपर्यंत फोनने गप्प बसायचं असतं. दिसले की तो हिरव्या तारेला दीड किलोओहमच्या रोधकातून वर खेचतो, म्हणजे तिचं व्होल्टेज उंचावतो. संगणकाच्या बाजूला त्याच तारेला १५ किलोओहमचा रोधक खाली ओढत असतो. दीड विरुद्ध पंधरा, त्यामुळे तार वर जाते आणि संगणकाला कळतं की कुणीतरी आलं आहे. ५ व्होल्टची अट का? तर फोनमध्ये स्वतःची बॅटरी असते, आणि संगणक बंद असताना फोनने तारेवर वीज सोडली तर ती बंद संगणकात उलटी शिरेल. नियम घालताना एवढा बारीक विचार झालेला आहे. जुना चौकोनी यूएसबी प्लग उजेडात धरून पाहा. चार सोनेरी पट्ट्यांपैकी कडेच्या दोन थोड्या लांब आणि मधल्या दोन आखूड असतात. प्लग कसाही घाईने घुसवा, वीज आधी जोडली जाते आणि माहिती नंतर.

ही रचना १९९६ची. इंटेलमध्ये ज्यांच्या पुढाकाराने ती आकाराला आली ते अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. तेव्हा डोळ्यांसमोर होते कीबोर्ड, माउस, प्रिंटर. वीज होती ती माउसला वेगळा अडॅप्टर लागू नये म्हणून. बॅटरी चार्ज करण्यासाठीचे वेगळे नियम २००७मध्ये आले. म्हणून मूळ नियमांत विजेबाबत मोठा संकोच दिसतो. नव्याने जोडलेल्या उपकरणाने आधी १०० मिलिअँपिअरपर्यंतच घ्यायचे. मग संगणक विचारतो, तू कोण, तुला किती लागतं? उपकरण आकडा कळवतं, संगणक मान्य करतो, आणि मगच यूएसबी २.०मध्ये ५०० मिलिअँपिअरपर्यंत घेण्याची मुभा मिळते. ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर म्हणजे अडीच वॅट. संगणकाच्या जुन्या पोर्टवर फोन रखडत चार्ज होतो तो यामुळे.

या देवघेवीत एक गोष्ट लपलेली आहे आणि माझ्या मते या विषयाची किल्ली तीच आहे. संगणक फोनमध्ये वीज ढकलत नसतो. तो फक्त ५ व्होल्ट कायम ठेवतो. किती विद्युतधारा ओढायची हे फोन ठरवतो. तेव्हा चार्जिंग थांबवायचं तर केबलमध्ये नव्हे, फोनमध्ये थांबवायला हवं. संगणकाकडून पोर्टची वीजच बंद करता येते, पण मग लाल तार कापल्यासारखंच होतं, माहितीही जाते. काही जण लाल तारेत रोधक घालून पाहतात. फोनने थोडी धारा ओढली की व्होल्टेज कोसळतं आणि चार्जिंगची चिप तो स्रोत नाकारते. एखाद्या फोनवर हे जमतं, दुसऱ्यावर फोन सारखा जुळत-तुटत राहतो. त्यावर विसंबून राहू नये असंच मी म्हणेन.

फोनच्या आत केबल आणि बॅटरी यांच्यामध्ये ही चार्जिंगची चिप बसलेली असते. केबलची वीज आत घ्यायची का, आणि बॅटरीकडे जाऊ द्यायची का, हे दोन निर्णय ती वेगवेगळे घेऊ शकते. म्हणून फोन केबलच्या विजेवर चालतोय आणि बॅटरी ना भरतेय ना रिकामी होतेय, अशी मधली स्थितीही शक्य असते. खेळताना फोन तापू नये म्हणून काही कंपन्या ही सोय देतात. आयफोन १५पासून ८० टक्क्यांवर थांबण्याचा पर्याय आला, अनेक अँड्रॉइड फोनांतही तो आहे. लिथियमची बॅटरी पूर्ण भरलेली आणि गरम अशी राहिली की लवकर म्हातारी होते, त्यामुळे दिवसभर संगणकाला जोडलेल्या फोनसाठी हा पर्याय जरूर वापरावा. फक्त लॅपटॉपची वीज त्याने पूर्ण वाचत नाही. ८० टक्क्यांनंतरही फोन चालतो तो बहुधा केबलवरच.

चिपला थेट हुकूम देण्याचा रस्ताही आहे. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स असतं, आणि लिनक्समध्ये यंत्राचे भागसुद्धा फायलींसारखे दिसतात. काही फोनांत अशाच एका छोट्या फाइलमध्ये एक आकडा बदलला की चार्जिंग थांबतं आणि फायलींची ये-जा चालू राहते. पण त्या फाइलचं नाव आणि जागा फोनागणिक बदलते, आणि तिथपर्यंत पोचायला रूट परवानगी लागते. ती मिळवताना फोनची सुरक्षा सैल होते, तेव्हा रोजच्या वापरातल्या फोनवर हे करू नये. ॲप तयार करणाऱ्यांना आणखी एक आज्ञा ठाऊक असते, ‘डंपसिस बॅटरी अनप्लग’. ती दिली की अँड्रॉइड केबल निघाल्यासारखं वागू लागतं. पडून असलेल्या फोनला गाढ झोपवणारी व्यवस्था चार्जिंग चालू असताना जागीच होत नाही, म्हणून तिच्या चाचणीसाठी ही आज्ञा लागते. मौज अशी की विजेची खूण जाते, ॲपना बॅटरीवर चाललो आहोत असं सांगितलं जातं, आणि आत चिप मात्र आपली बॅटरी भरतच असते. बॅटरीचा खरा वापर मोजायचा असेल तर केबल सोडून द्यावी हे बरं. अँड्रॉइड ११पासून हेच काम वाय-फायवरून करता येतं.

पण केबल ठेवूनच हा पेच सोडवायचा मार्ग २०१४मध्ये आलेल्या टाइप-सीने दाखवला. याच्या पूर्ण सॉकेटमध्ये २४ संपर्क असतात, आणि ‘कोण आलं आहे’ हे कळवण्यासाठी त्यातले दोन वेगळे राखलेले आहेत. वीज देणाऱ्याच्या बाजूला एक रोधक, घेणाऱ्याच्या बाजूला ५.१ किलोओहमचा दुसरा. समोर तो ५.१ दिसेपर्यंत टाइप-सीचं पोर्ट वीज सोडतच नाही. देणाऱ्याकडचा रोधक ५६ किलोओहमचा असेल तर नेहमीची यूएसबी वीज, २२ असेल तर दीड अँपिअर, १० असेल तर ३ अँपिअर. म्हणजे पूर्वी वीज हीच हजेरी होती, आता हजेरी आधी लागते आणि वीज नंतर येते.

त्यातून एक विलक्षण गोष्ट शक्य झाली. माहितीच्या व्यवहारात मालक कोण आणि विजेच्या व्यवहारात दाता कोण, हे दोन प्रश्न सुटे झाले. दोन्ही बाजूंना ते जमत असेल, तर संगणक फोनमधल्या फायली वाचत असतानाच फोन संगणकाला सांगू शकतो की वीज आता मी देतो. संगणकाने मान्य केलं की लाल तारेवरचं व्होल्टेज आधी शून्यावर येतं, मग दुसऱ्या टोकाकडून पुन्हा चढतं. त्या मधल्या क्षणी तारेवर वीजच नसते, तरी दोन्ही यंत्रं एकमेकांना गेलेलं मानत नाहीत, आणि फोटोची फाइल उतरत राहू शकते. अनेक अँड्रॉइड फोनांत यूएसबीच्या सेटिंगमध्ये ‘जोडलेलं उपकरण चार्ज करा’ असा पर्याय असतो, तो याचसाठी. काही लॅपटॉप फोनची वीज नाकारतात, मग बटण चालू होऊन लगेच बंद पडतं. पण जिथे ते जमतं, तिथे फोन संगणकाला जोडलेला राहतो, फायली जातात आणि बॅटरी भरत नाही.