आखाताचे हवाई जंक्शन

आमच्या जळकोट-उदगीर भागातून कोणी नोकरीनिमित्त दुबईस वा दोह्यास निघाला, म्हणजे मुंबईपेक्षा हैदराबादचाच रस्ता त्यास जवळचा पडतो. मुंबई आपणांस दुपटीहून अधिक लांब. उलट उदगीरहून बिदरमार्गे हैदराबादेस आगगाडीही जाते. तेथील शमशाबादच्या विमानतळावरून निघालेले विमान सुमारे अडीच हजार किलोमीटर अंतर तोडून साधारण चार तासांत दुबईस उतरते. परंतु वाळवंटाच्या काठी एवढे प्रचंड विमानतळ का उभे राहिले, हा प्रश्न जिज्ञासू विद्यार्थ्यांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे थोडे विवेचन येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

पहिले कारण भूगोलाचे. नकाशा उघडून पाहिल्यास युरोपातून भारताकडे येणाऱ्या वाटेवरच हे आखात पसरलेले दिसेल. आरंभीच्या विमानांस लांबचा पल्ला एका दमात गाठता येत नसे. इंधनासाठी व रात्रीच्या मुक्कामासाठी त्यांस वारंवार उतरावे लागे. इंपीरिअल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने इ. स. १९२९ साली लंडन-कराची मार्ग सुरू केला, तेव्हा तिची विमाने इराणच्या किनाऱ्याने येत. १९३२ च्या ऑक्टोबरात तो मार्ग समोरच्या अरबी किनाऱ्यावर आला, आणि शारजा येथे उतारूंसाठी गढीसारखे विश्रामगृह झाले. आज तेथे संग्रहालय आहे. त्याच महिन्याच्या १५ तारखेस जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन, अहमदाबादमार्गे, एका लहानशा विमानातून मुंबईस जुहूला आणले. आपल्या देशी विमानसेवेचा धागा असा आरंभीच या आखाती वाटेस जोडला गेला.

दुसरे कारण द्रव्याचे. खनिज तेलामुळे या देशांच्या हाती पैसा आला व त्यांनी तो विमानविद्येत घातला. बहरीन येथे १९५० साली गल्फ एव्हिएशन ही छोटी कंपनी निघाली. पुढे १९७४ साली बहरीन, कतार, ओमान व अबुधाबी यांनी ती आपल्या मालकीची केली व ती गल्फ एअर झाली. दुबईचा विमानतळ १९६० साली उघडला, तेव्हा त्याची धावपट्टी दाबून घट्ट केलेल्या वाळूची होती. १९८५ साली एमिरेट्स कंपनीने भाड्याच्या विमानांवर कराची व मुंबई या शहरांकडे उड्डाणे सुरू केली. २०१४ साली तर परदेशी प्रवाशांच्या संख्येत दुबईने लंडनच्या हीथ्रो विमानतळासही मागे टाकले.

तिसरे कारण सर्वांत मनोरंजक आहे. आजच्या विमानांस आखातात थांबण्याची गरज उरलेली नाही. तरीही लोक तेथे थांबतात. असे का? आपले लातूर रोड स्टेशन आठवावे. परळीकडील, लातूरकडील व विकाराबादकडील उतारू तेथे गाडी बदलून आपापल्या वाटेस लागतात. दुबई व दोहा ही आकाशातील अशीच जंक्शने होत. ठरलेल्या वेळी अनेक देशांची विमाने एकापाठोपाठ उतरतात, प्रवासी विमान बदलतात, आणि थोड्याच अवधीत ती सर्व पुन्हा दशदिशांस उडतात. हैदराबादहून निघालेला एकटा प्रवासी अशा रीतीने युरोप, आफ्रिका किंवा अमेरिकेसही जाऊ शकतो. विमानाची गरज संपली तेथे प्रवाशाची सोय उभी केली, हेच त्या लोकांचे चातुर्य.

मात्र वाट सुलभ झाली म्हणून सावधपणा सोडणे योग्य नव्हे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार दहावी उत्तीर्ण नसलेल्या मजुरास आखाती देशांत नोकरीस जाण्यापूर्वी सामान्यतः सरकारी परवानगी घ्यावी लागते. ही अट जाच म्हणून नव्हे, तर अल्पशिक्षित मनुष्य फसू नये म्हणून आहे. दलाल सरकारदरबारी नोंदलेला आहे की नाही, करारात पगार किती लिहिला आहे, आणि हाती दिलेला व्हिसा नोकरीचाच आहे ना, हे पालकांनी पैसे देण्याआधी तपासावे. पाहुण्याच्या व्हिसावर कामास गेलेल्या माणसाची बाजू परमुलखात लंगडी पडते. शेत गहाण टाकून उभी केलेली रक्कम अशा एका कागदापायी बुडू शकते.

विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, विमानाचे तिकीट उसन्या पैशानेही मिळते. पण करारनामा स्वतः वाचून समजण्याची शक्ती कोणाकडून उसनी मिळत नाही. ती याच बाकांवर बसून मिळवावी लागते.