शोध कोणाचा, बियाणे कोणाचे

मृग लागला की दरेकसा परिसरात धानाच्या बियाण्याच्या पिशव्या घरोघरी येऊ लागतात. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्याचे हे टोक, पलीकडे लगेच छत्तीसगड. मुंबई-हावडा रेल्वेमार्ग इथे डोंगरात शिरतो. जवळच हाजरा फॉलचा धबधबा आहे आणि गोंड समाजाचे श्रद्धास्थान असलेली कचारगडची गुंफाही. पावसाच्या आधी पऱ्हे टाकायची घाई असते, त्यामुळे पिशवीच्या तोंडाला शिवलेली निळी खूणचिठ्ठी कोणी फारशी वाचत नाही. सुतळी ओढली, बियाणे ओतले, चिठ्ठी अंगणात पडली.

वाचली तर मात्र त्या चिठ्ठीत बरेच सापडते. पीक, वाण, लॉट क्रमांक, बियाण्याचा दर्जा, वैधतेची मुदत. निळा रंग म्हणजे प्रमाणित बियाणे. त्याच्या आधीची पायरी पायाभूत बियाण्याची, तिची चिठ्ठी पांढरी. त्याच्याही आधी पैदासकार बियाणे, सोनेरी-पिवळ्या चिठ्ठीचे, आणि ते शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली संशोधन केंद्रावरच तयार होते. धानाच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ८० टक्के आणि भौतिक शुद्धता किमान ९८ टक्के असावी लागते. पिवळी, पांढरी, निळी अशा क्रमाने मूठभर दाण्यांचे हजारो क्विंटल होतात. विद्यापीठातला शोध बाजारातला माल कसा होतो, हे समजून घ्यायला सिलिकॉन व्हॅलीपर्यंत जायची गरज नाही; पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या कोणत्याही धानउत्पादक गावात तो प्रवास पिशवीत बंद होऊन येतो.

पूर्व विदर्भासाठी हे काम डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. १९६९ साली अकोल्यात स्थापन झालेल्या या विद्यापीठाची धानाची मुख्य केंद्रे साकोली आणि सिंदेवाही इथे आहेत. साकोली-६, सिंदेवाही-१, पीकेव्ही मकरंद, पीकेव्ही गणेश ही वाणे तिथूनच शेतकऱ्यांच्या बांध्यांत आली. एक वाण तयार व्हायला दहा-बारा वर्षे सहज जातात. दोन जातींचा संकर करायचा, पुढच्या पिढ्यांतून हवी तशी झाडे निवडत राहायचे, गुण स्थिर झाले की वेगवेगळ्या ठिकाणी चाचण्या घ्यायच्या, मग समित्यांची शिफारस आणि १९६६ च्या बियाणे कायद्याखाली अधिसूचना. एवढे सगळे झाल्यावर कुठे महाबीजसारखी संस्था किंवा एखादी खासगी कंपनी बियाण्याची मागणी नोंदवते. शास्त्रज्ञाने नोकरीला लागल्यावर केलेला संकर तो निवृत्तीकडे झुकू लागतो तेव्हा दरेकसाच्या बांधीत रोवला जातो, असेही घडू शकते.

यंत्राचा किंवा औषधाचा रस्ता वेगळा असतो. भारतीय पेटंट कायद्यानुसार वनस्पती, बियाणे आणि पिकांची वाणे यांवर पेटंट मिळत नाही. यंत्रावर, रसायनावर, प्रक्रियेवर मिळते. त्यामुळे प्रयोगशाळेत काही नवे सापडले की संशोधकाने आधी आपल्या संस्थेला लेखी कळवायचे असते. नियतकालिकात लेख छापून आणायची किंवा परिषदेत मिरवायची घाई इथे नडते, कारण जगजाहीर झालेल्या गोष्टीवर पेटंट मिळणे दुरापास्त होते. संस्था पेटंटसाठी अर्ज करते. मग दोन वाटा उरतात. एक, चालू कंपनीला परवाना द्यायचा आणि शुल्क व स्वामित्वधन घ्यायचे. दुसरी, संशोधकाने किंवा त्याच्या विद्यार्थ्यांनी स्वतःच कंपनी काढायची आणि संस्थेने तिच्यात हिस्सा ठेवायचा. पेटंटची मुदत अर्जापासून २० वर्षांची असते, आणि त्यातली निम्मी वर्षे चाचण्यांतच संपली तरी तक्रार करायला जागा नसते.

ही व्यवस्था अमेरिकेत मुरली. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या हॅरी स्टीनबॉक यांनी अतिनील किरणांनी अन्नातले ड जीवनसत्त्व वाढवण्याची पद्धत शोधली, आणि तिचे पेटंट सांभाळण्यासाठी १९२५ साली तिथे स्वतंत्र प्रतिष्ठानच उभे राहिले. १९८० च्या कायद्याने सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाचे हक्क विद्यापीठांना आपल्याकडे ठेवता येऊ लागले आणि मग विद्यापीठांत पेटंटचे काम पाहणारी कार्यालये फोफावली. गूगलचे पहिले शोधतंत्र स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मालकीचे होते. परवान्याच्या बदल्यात मिळालेले सुमारे १८ लाख समभाग विकून विद्यापीठाने ३३ कोटी डॉलरहून अधिक कमावले. अशा कथा वारंवार सांगितल्या जातात, पण त्या अपवाद आहेत. बहुतेक पेटंटांतून भरलेली फीसुद्धा वसूल होत नाही.

अमेरिकेच्या त्या कायद्यासारखा कायदा भारतातही करावा म्हणून २००८ साली राज्यसभेत विधेयक मांडले गेले. त्यावर बरीच टीका झाली आणि २०१४ मध्ये ते मागे घेतले गेले. त्यामुळे आपल्याकडे प्रत्येक संस्थेचे धोरण वेगळे आणि कारभारही वेगळा. २०२१ मध्ये शैक्षणिक संस्थांसाठी पेटंटची फी ८० टक्क्यांनी कमी झाली, तेव्हापासून अर्जांचा उत्साह वाढला आहे. अर्ज वाढले म्हणजे माल वाढला असे नाही, हे मात्र वार्षिक अहवालांतले पेटंटचे आकडे वाचताना विसरू नये.

महाराष्ट्रात या वाटेवर सर्वांत पुढे गेलेली संस्था म्हणजे आयआयटी मुंबई. नव्या कंपन्यांना जागा, सल्ला आणि सुरुवातीचे भांडवल देणारे ‘साइन’ हे केंद्र तिने २००४ मध्ये सुरू केले. तिथल्या विद्यार्थ्यांनी काढलेली आयडियाफोर्ज ही ड्रोन कंपनी २०२३ मध्ये शेअर बाजारात आली. त्याहून बोलके उदाहरण रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचाराचे. या उपचारात रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी काढून प्रयोगशाळेत त्यांचे जनुक बदलतात, म्हणजे त्या कर्करोगाच्या पेशी ओळखून मारू लागतात, आणि मग त्याच पेशी पुन्हा रुग्णाला देतात. परदेशात याचा खर्च तीन-चार कोटी रुपये. प्रा. राहुल पुरवार यांच्या गटाने आयआयटीत हे तंत्र विकसित केले आणि टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी रुग्णांवर चाचण्या घेतल्या. २०१८ मध्ये इम्युनोॲक्ट ही कंपनी निघाली, ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची मंजुरी आली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ‘नेक्सकार१९’चे लोकार्पण झाले. किंमत परदेशाच्या साधारण दहाव्या हिश्शावर आली. सालेकशाच्या रुग्णाला तीही झेपणारी नाही, हे खरेच. पण कोटींचा आकडा लाखांवर आला तो विद्यापीठ, रुग्णालय आणि कंपनी या तिघांनी एकाच प्रकल्पावर काम केल्यामुळे.

विदर्भाला ही कल्पना नवी नाही. मँगेनीजच्या खाणींतून संपत्ती मिळवलेले कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण १९३० साली वारले. उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला सुमारे ३५ लाख रुपये मिळावेत, अशी तरतूद त्यांनी मृत्युपत्रात केली होती. त्यातून १९४२ मध्ये नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. विद्यापीठाने कारखान्याला उपयोगी पडावे, हा विचार तिच्या मुळाशीच होता. अकोल्याच्या विद्यापीठाची पीकेव्ही मिनी दालमिलही याच वाणाची. एमरी दगडाच्या रोलरवर तूर घासून साल काढणारे हे छोटे यंत्र विदर्भात बचतगट आणि गावातले छोटे उद्योजक चालवतात. विद्यापीठ स्वतः यंत्रे घडवत बसत नाही. उत्पादकांना तंत्र देते आणि ते यंत्र बनवून विकतात. यात चमक नाही, बातमी नाही, पण तुरीची डाळ होते.

आतापर्यंतचा सगळा प्रवास एकाच दिशेचा झाला, विद्यापीठाकडून बाजाराकडे. झाडीपट्टीतले सर्वांत गाजलेले उदाहरण मात्र उलट दिशेचे आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तिथल्या दादाजी रामाजी खोब्रागडे यांचे शिक्षण तिसरीपर्यंत आणि जमीन जेमतेम दीड एकर. १९८३ मध्ये ‘पटेल-३’ या वाणाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाणा बारीक, रंग निराळा. दुसऱ्या कोणी त्या मळणीत घातल्या असत्या. दादाजींनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या, त्यातून पुन्हा निवडल्या, आणि असे कित्येक हंगाम केले. साकोली-सिंदेवाहीला शास्त्रज्ञ जी निवड पद्धत वापरतात तीच ही, फक्त नोंदवही आणि पगार नव्हता. पुढे एका मोठ्या शेतकऱ्याने हे बियाणे लावले, पीक भरघोस आले आणि १९९० च्या सुमारास हा बारीक धान तळोधीच्या बाजारात गेला. धानाला नाव नव्हते. त्या काळात एचएमटीचे घड्याळ मनगटावर असणे म्हणजे प्रतिष्ठा, म्हणून व्यापाऱ्याने धानालाच एचएमटी म्हटले. आज गोंदियाच्या राइस मिलमधून आणि नागपूरच्या किराणा दुकानातून हेच नाव ऐकू येते, ते असे पडले.

नंतर सिंदेवाहीच्या संशोधन केंद्राने त्यांच्याकडून थोडे बियाणे प्रयोगासाठी नेले. १९९८ मध्ये कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ हे वाण प्रसारित केले. दादाजींच्या पदरात काही पडले नाही. विद्यापीठाचे म्हणणे असे की मूळ बियाणे भेसळीचे होते आणि आपण ते शुद्ध केले. शुद्धीकरणाचे काम खोटे नव्हते, आणि सोपेही नसते. वाण एकसारखे झाल्याशिवाय निळी चिठ्ठी लागत नाही. प्रश्न तो नव्हताच. बियाणे नेताना कोणाकडून, कोणत्या अटीवर, पुढे श्रेय आणि मोबदला कोणाला, याचा कागद झाला नाही, आणि त्या वेळी तसा कागद करायला लावणारा कायदाही नव्हता. आयआयटीतला प्राध्यापक शोध लावतो तेव्हा पहिल्या दिवसापासून फाइल उघडलेली असते. दीड एकरवाल्याची फाइल कोणी उघडली नाही.

२००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने दादाजींचा राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते गौरव केला. ‘फोर्ब्स’नेही २०१० मध्ये दखल घेतली. त्यांनी पुढे नांदेड हिरा, विजय नांदेड, डीआरके अशी आणखी वाणे काढली. आजारपणात पैशाची ओढाताण झाली आणि ३ जून २०१८ रोजी गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. तोवर एचएमटी लाखो ताटांत पोचला होता.

विद्यापीठाने लोकांकडचे ज्ञान आपल्या नावावर लावायचे प्रकार परदेशातही झाले. अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआर या भारतीय संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुढे करून ते आव्हानाला घेतले, आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी: लढाई जिंकली ती कुठेतरी लिहून ठेवलेले सापडले म्हणून. आज्जीच्या डब्यातल्या हळदीची साक्ष पेटंट कार्यालय मानत नाही.

दरेकसाच्या भोवतालच्या जंगलात मोह, तेंदू, लाख आणि औषधी वनस्पती आहेत आणि त्यांचे गुण सांगणारी जाणती माणसेही. तिथे उद्या एखादा संशोधक आला तर काय व्हावे, याचा नमुना केरळात आहे. १९८७ मध्ये अगस्त्य डोंगरात गेलेल्या शास्त्रज्ञांना आपले काणी आदिवासी वाटाडे न थकता चालताना दिसले. ते एका रोपट्याची फळे खात होते. पालोडच्या वनस्पती संशोधन संस्थेने त्यावरून ‘जीवनी’ हे औषध तयार केले आणि १९९५ मध्ये कोइमतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला १० लाख रुपये आणि दोन टक्के स्वामित्वधनावर परवाना दिला. त्यातला निम्मा वाटा काणी समाजाचा, आणि तो घेण्यासाठी १९९७ मध्ये त्यांचा न्यास स्थापन झाला. जगभर या कराराचे कौतुक झाले. अडचण मग आली ती वेगळ्याच बाजूने: राखीव जंगलातून ती वनस्पती काढायला वनखात्याने हरकत घेतली आणि कच्चा मालच आटला. वाटा ठरला तरी वाटण्याजोगे काही पिकायला हवे.

बियाण्याच्या बाबतीत कायदा आता बराच स्पष्ट आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ मध्ये झाला, त्याचे प्राधिकरण २००५ मध्ये दिल्लीत सुरू झाले. शेतकरी स्वतः विकसित केलेले वाण स्वतःच्या नावावर नोंदवू शकतो. नोंदलेल्या वाणाचे बियाणेही तो राखू, पेरू, बदलू आणि विकू शकतो. फक्त ब्रँडच्या छापील पिशवीत विकता येत नाही. नव्या वाणाची नोंदणी करणाऱ्याला, मग ते विद्यापीठ असो की कंपनी, मूळ बियाणे देशात कोणत्या ठिकाणाहून घेतले आणि त्यात कोणा शेतकऱ्याचा वा गावाचा हातभार असेल तर तो अर्जात सांगावा लागतो. शिवाय गावाच्या वतीने कोणीही व्यक्ती, गट किंवा संस्था प्राधिकरणाकडे दावा दाखल करू शकते. दावा खरा ठरला तर भरपाई अर्जदाराने राष्ट्रीय जनुक निधीत भरायची आणि तिथून ती गावाला मिळायची. त्यासाठी गावाकडे पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या धानांची यादी, नमुना आणि कोणाच्या बांधीत कधीपासून आहे याची नोंद लागते. जैवविविधता कायद्याखाली ग्रामपंचायतीच्या समितीने ठेवायची नोंदवही याच कामाची आहे.