खाऱ्या पाण्याने धरलेले शेत

वसईकडे वडिलोपार्जित शेत असलेल्या आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने मिस्सानंतर आम्हाला विचारले, "फादर, बांध फुटून उधाणाचे पाणी शेतात शिरले. जमीन मेली असे सारे म्हणतात. येईल त्या भावाला देऊन टाकावी काय?" निदान एक पावसाळा थांबा, असे आम्ही सांगितले. त्याचे कारण येथे सर्वांसाठी देत आहोत.

वेलंकनीची यात्रा केलेल्या भाविकांना नागपट्टणमचा किनारा ठाऊक आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी तेथे सुनामीच्या लाटा आल्या. मृतांच्या दुःखापुढे शेतीचे नुकसान लहान. पण भातशेतांवर खारट गाळाचा थर बसला. तिकडचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, तो संपत आलेला. म्हणजे मीठ धुऊन निघायला जवळजवळ वर्षभर थांबणे आले. शेतकऱ्यांनी गाळ खरवडून काढला, धैंचा पेरून फुलोऱ्याला येताच जमिनीत गाडला. २००५ च्या अखेरीस पाऊस भरपूर झाला आणि पुष्कळ शेतांत पुन्हा भात उभे राहिले.

अबीमलेखाने शखेम नगर पाडून त्यावर मीठ पेरले, असे शास्ते या पुस्तकात आहे. पुढे यराबामाने तेच नगर पुन्हा बांधले, हे मात्र आपण विसरतो.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते मातीत मुरले की ओलावा असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. रोप पाण्यात उभे राहून तहानेने मरते. पण हेच मीठ गोड्या पाण्यात विरघळून खाली जाते. एक फूट मातीतील बहुतेक मीठ उतरायला साधारण एक फूट पाणी जिरावे लागते, आणि वसईला पावसाळ्यात सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो! मात्र मिठाला बाहेर जायला वाट हवी. म्हणून आधी बांध व उघाडी दुरुस्त करावी, चर खणावे, मग पाऊस शेतात कोंडावा आणि खारट झालेले पाणी ओहोटीला सोडावे. खार जमिनीत आपले वाडवडील हेच करीत.

कधी मीठ गेले तरी सोडियम चिकणमातीला धरून बसतो. मग माती ओली असता लोण्यासारखी, वाळली की दगडासारखी होते आणि पाणी जिरतच नाही. तेथे जिप्सम लागते. त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो. पण माती तपासल्याशिवाय जिप्समवर पैसा घालू नये. युरियाच्या गोण्या ओतून तर मीठ मुळीच जात नाही.

पहिल्या वर्षी पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने काढलेले पनवेल-१, पनवेल-२ असे क्षार सोसणारे भात लावावे. उन्हाळ्यात जमीन उघडी ठेवू नये; उन्हाने ओल वर येते व तिच्याबरोबर मीठही. पेंढा पसरावा. जंबुसरकडे शेती असलेल्यांसाठी कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेचे प्रादेशिक केंद्र भरूचलाच आहे.

विहिरीविषयी एक सूचना. खारी झालेली विहीर पंप लावून एकदम तळापर्यंत उपसू नये. खालचे खारे पाणी आणखी वर येते. थोडे थोडे उपसावे. तोवर ते पाणी पिऊ नये, विशेषतः रक्तदाबाच्या रोग्यांनी व गरोदर स्त्रियांनी. उकळून मीठ जात नाही.